लेनोरच्या गाडीचा डावा पाटा

मी मागच्या चाकावरचा पाटा बोलतोय. डाव्या चाकावरचा. ट्रकखाली कधी वाकून पाहिलं असेल, तर माझे भाऊबंद तुमच्या ओळखीचे असतील. धनुष्यासारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या, एकावर एक रचलेल्या, मधोमध एका बोल्टने आवळलेल्या. त्या पट्ट्यांना पानं म्हणतात. रस्त्याचा धक्का आधी चाकाला बसतो, मग मला. माझ्यातून वर जे पोहोचतं ते माणसांना सोसेल इतकंच असतं. धक्के खाणं हेच माझं काम. पण मला हबकवून टाकणारे जे धक्के बसले, त्यातला एकही रस्त्याने दिलेला नव्हता.

माझा जन्म मिशिगनमधला, १९६८च्या हिवाळ्यातला. भट्टीतून लालबुंद बाहेर आलो, साच्यात दाबून मला वाकवलं आणि कुणी सावध करायच्या आत तेलाच्या हौदात बुडवलं. अंगातून नुसता धूर निघाला. जन्मल्या जन्मल्या इतकं दचकायची वेळ तुमच्यावर आली नसेल. नंतर एका बाईने कुंचल्याने माझ्या अंगावर पिवळा पट्टा ओढला आणि मला एका जोडीदाराशेजारी ठेवलं. तो माझा उजवा भाऊ.

उजव्याला माझ्यापेक्षा पानं जास्त. यात पक्षपात नव्हता. आमची गाडी होती दांडगट. दोन दारांची, लांब नाकाची, आणि त्या नाकात ट्रकलाही पुरून उरेल असं इंजिन. क्लच सोडला की इंजिनाचा पीळ गाडीला उजवीकडे दाबायचा, म्हणून त्या बाजूला बळ जास्त. भाऊ मात्र मला ‘काडी पैलवान’ म्हणून चिडवायचा.

गाडी घेतली लेनोर केस्टर नावाच्या मुलीने. सॅगिनॉ गावात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती कामाला होती. शाळा सुटल्यापासूनचा पगार साठवून तिने ही निळी गाडी पसंत केली होती. शोरूममधला माणूस मात्र सगळी माहिती तिच्या वडिलांना देत होता. इंजिन असं, गिअर तसे. वडील, ऑरिन, बराच वेळ ऐकत राहिले आणि मग म्हणाले, “अरे बाबा, मला काय सांगतोस? गाडी तिची आहे. मी नुसता सोबत आलोय.”

मला तो माणूस तेव्हाच आवडला.

ऑरिन ओतकाम कारखान्यात अवजारं बनवायचा. बोलणं कमी, हात चांगले. लेनोर गाडी घेऊन शनिवारी दुपारी गावाबाहेर शर्यतीला जायची. बीटाच्या शेतांमध्ये पाव मैलाची सरळ पट्टी होती. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सुटायचं, पहिली पोहोचेल ती जिंकली. सगळे पुरुषच. बायका म्हणजे लेनोर, आणि तिला मदत करायला आलेली तिची मैत्रीण रमोना.

पहिल्याच शनिवारी एकजण ओरडला, “बाई, किराणा दुकान मागे राहिलं!”

“ठाऊक आहे,” लेनोर खिडकीतून म्हणाली. “तुझ्या बायकोनं यादी दिलीय. म्हणाली, तू विसरशील.”

लोक खो खो हसले. त्या दिवशी ती जिंकली, पुढच्या शनिवारीही जिंकली. मग कुणी किराण्याचं नाव काढलं नाही.

ऑरिन दर शनिवारी यायचा. शर्यतीआधी गुडघ्यावर बसून गाडीखाली डोकं घालायचा आणि मला चाकाच्या दांड्याशी धरून ठेवणारे यू-बोल्ट पान्याने तपासायचा. त्याचा श्वास माझ्या पानांवर आपटायचा. बाहेर येऊन एवढंच म्हणायचा, “डावा जरा ढिला होता. आता नाही.” आणि कुंपणापाशी जाऊन उभा राहायचा. बाकीचे बाप आरडाओरडा करायचे, हा लोखंडी तारेला धरून गप्प.

मग १९७०च्या उन्हाळ्यातला तो शनिवार आला.

शेजारच्या पट्टीत डेल होता. ऑरिनच्या जोडीला काम करणाऱ्या माणसाचा मुलगा, वसंतातच लग्न झालेलं. त्याचीही गाडी निळीच. दिवा लागण्याआधी तो लेनोरकडे बघून हसला आणि म्हणाला, “आज तरी हरू दे ना मला जिंकायला. घरी पाहुणे आलेत.” त्या वाक्याचा अर्थ काही लागत नव्हता, म्हणून दोघंही हसली.

दिवा हिरवा झाला. आम्ही सुटलो. मी जमिनीला पाय रोवल्यासारखा ताणलो होतो. डेल आमच्या थोडा पुढे होता, आणि एकाएकी त्याच्या गाडीखाली काहीतरी तुटलं. काय तुटलं ते आजवर कुणाला कळलेलं नाही. मी फक्त आवाज ऐकला, आमच्यासारख्याच कुणाचा तरी. गाडी आडवी झाली, कठडा तोडून शेतात गेली, एकदा उलटली, पुन्हा उलटली. लेनोरने ब्रेक दाबला. आम्ही थरथरत थांबलो. सगळीकडे धुरळा.

ती दार उघडून शेताकडे धावली. मी तिथेच, रिकाम्या गाडीखाली. इतक्या लोकांच्या जमावातून एकही आवाज येत नव्हता. थोड्या वेळाने जड बुटांची धावती पावलं ऐकू आली. आमचं दार कुणीतरी हिसकून उघडलं आणि त्याच्या घशातून असा एक आवाज निघाला की मी थिजलो. मग तो माणूस लेनोरच्या सीटवर कोसळला. मी दबलो. वजन ऑरिनचं होतं.

तो थोडा वेळच बसला. दूर शेतात लेनोर उभी दिसली असावी, कारण एकदम उठला आणि चालत, अगदी सावकाश चालत, तिकडे गेला. डेल तोवर संपला होता.

अंत्यविधी झाला. त्याच संध्याकाळी गॅरेजमध्ये बापलेकीचं वाजलं. दोघांचे बूट माझ्या डोळ्यांसमोर होते.

“किल्ली दे,” ऑरिन म्हणाला.

“का?”

“मागितली म्हणून.”

“बाबा, डेलच्या गाडीखालचं काहीतरी तुटलं. माझी गाडी तुम्ही स्वतः तपासता.”

“पोरीच्या जातीला हे शोभत नाही. लोक हसतात.”

लेनोर तोंडात मारल्यासारखी उभी होती. मीही तसाच. माझ्यासाठी गाडीखाली घुसणारा, ‘गाडी तिची आहे’ म्हणणारा हा माणूस, आणि हे त्याचं बोलणं?

“लोक हसतात?” ती म्हणाली. “आणि तुम्हांला ते आज कळलं?”

“वाद नको. गाडी पाहिजे की घर, ठरव.”

किल्ली गाडीच्या टपावर ठेवल्याचा आवाज झाला. “दोन्ही ठेवून घ्या,” ती म्हणाली.

दोन दिवसांनी ती बसने निघून गेली. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, पोर्टलंडला.

ऑरिनने गाडीवर घोंगडी टाकली. हळूहळू टायरांतली हवा गेली. गंज आवाज न करता येतो. आधी बोल्टच्या डोक्यावर, मग पानांच्या कडांवर, मग पानांच्या मधल्या फटींत. भावाची आणि माझी बोलणी कमी होत गेली. लेनोरची आई, व्हर्ला, दर वसंतात घराची साफसफाई काढली की म्हणायची, “ऑरिन, विक ना ते धूड. मला ते बघवत नाही.”

“गिऱ्हाईक येत नाही,” ऑरिन म्हणायचा. गिऱ्हाईक कुठून येणार? गाडी विकायची आहे हे त्याने कुणाला सांगितलंच नव्हतं.

आणि एका रविवारी, व्हर्ला चर्चला गेलेली असताना, गॅरेजचं दार उघडलं. घोंगडी एका बाजूने उचलली गेली. गाडीचं दार उघडलं, आणि मी दबलो.

वजनावरून माणूस ओळखण्यात मी कधी चुकलो नाही. पण त्या दिवशी माझा माझ्यावर विश्वास बसेना. ज्याने मुलीपासून ही गाडी हिसकून घेतली तोच तिच्या जागी येऊन बसला होता. मी श्वास रोखून धरावा तसा दबून राहिलो. कॉफीचा वास आला. त्याने कप समोरच्या फळीवर ठेवला. कॉफी संपल्यावर उठला, घोंगडी नीट केली आणि गेला.

पुढच्या रविवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही. चर्चला का येत नाहीस म्हणून व्हर्ला विचारायची, तेव्हा त्याचे गुडघे दुखायचे. ते गुडघे फक्त रविवारीच दुखायचे.

कधीतरी महिनोन् महिन्यांत एखादं वाक्य बोलायचा, पुढच्या काचेकडे बघत. “काल आईला फोन केलास. माझं विचारलं नाहीस. बरं केलंस.” एकदा म्हणाला, “बस दुरुस्त करतेस म्हणे. तिकडच्या डेपोत बायका बस दुरुस्त करतात. चांगलंय.” आणि एका हिवाळ्यात नुसतंच, “लेनी.”

मी पोलादाचा. पण त्या एका शब्दाने पानापानांतून कळ गेली. हे ऐकायला तिच्याऐवजी मी का होतो? मला तोंड नव्हतं, आणि ज्याला होतं तो रिकाम्या गाडीशी बोलत होता.

वर्षं गेली. रविवारी मी दबायचो, सुटायचो. पानं पानांवर जरा घासायची. वर्षागणिक तो हलका होत चालला होता.

मग एका मार्चमध्ये व्हर्ला गेली. पडली, दवाखान्यात नेलं आणि परत आलीच नाही. लेनोर आली. गॅरेजमध्ये बूट आले तेव्हा मी ओळखलं नाही. चाल जड, आवाज खर्जातला. पंचावन्न वर्षांची झाली होती. बरोबर रमोना होती, तिचे केस पांढरे, तोंड मात्र तेवढंच सुटलेलं.

“चर्चच्या बायकांनी हॅम आणून दिलंय आणि चीज घालून भाजलेले बटाटे,” रमोना म्हणत होती. “तुम्ही दोघं एका टेबलाशी बसून तेच रोज खाताय, मान खाली घालून. एक शब्द नाही. अगं, भांडा तरी!”

“कशावरून भांडायचं? ओळख असावी लागते त्याला,” लेनोर म्हणाली. “गाडी विकते, बाबांची काही सोय लावते आणि जाते. घेणाऱ्याची एकच अट आहे, गाडी चार चाकांवर ढकलता आली पाहिजे. मागून तर पार बसलीय. नवे पाटे मागवलेत.”

नवे पाटे. मी ऐकलं, पण ते माझ्या बाबतीत आहे हे डोक्यात शिरायला वेळ लागला.

गाडी वर उचलली गेली. यू-बोल्ट गंजून एकजीव झाले होते, ते कापले. मी आणि भाऊ जमिनीवर आदळलो. तिने आम्हांला फरफटत नेऊन दाराबाहेरच्या भंगारात फेकलं, जुन्या पाइपांवर, फुटक्या बादलीशेजारी. मी सुन्न झालो होतो. जिचे इतके शनिवार अंगावर झेलले, तिने हात झटकले आणि मागे वळूनही बघितलं नाही. खोक्यातून काळे कुळकुळीत दोन नवे पाटे बाहेर निघाले. भाऊ म्हणाला, “चला. संपलं.”

“ए बये!” रमोना ओरडली. “मूळचे पाटे फेकतेस? अशा गाडीचं गिऱ्हाईक आधी खाली वाकून हेच बघतं. पिवळा पट्टासुद्धा दिसतोय अजून. साफ करून, बाक देऊन परत बसतील की.”

“गंजलेत ते.”

“वरून गंजलेत. उघडून बघ तरी आत काय आहे. तुझं काय जातंय?”

लेनोर कुरकुरत आम्हांला आत घेऊन आली. आधी भावाला टेबलावर चढवलं. मधला बोल्ट काढला, पानं सुटी केली. प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंनी तांबडा गंज, टोकापर्यंत. “सांगितलं ना,” ती म्हणाली.

मग मला. माझी पानं जन्मापासून पहिल्यांदा एकमेकांपासून सुटली आणि मला चारचौघांत कपडे उतरवल्यासारखं झालं. लेनोर पहिलं पान उचलून फडक्याने पुसत होती. तिचा हात थांबला.

“रमोना, इकडे ये.”

माझ्या पानांच्या टोकांशी, जिथे एक पान दुसऱ्यावर टेकतं तिथे, चंद्रकोरीसारखे डाग होते. चकचकीत. बाकी सगळीकडे गंज, तेवढाच भाग घासून आरशासारखा झालेला.

“मग?” रमोना म्हणाली.

“अगं, पाटा हलला तरच पानं अशी घासतात. ही गाडी मी गेल्यापासून उभी आहे. आणि हा फक्त डावा घासलाय. उजव्यावर काही नाही.”

“उंदीर असतील.”

“दीडशे पौंडांचा उंदीर?”

लेनोर उठून गाडीकडे गेली. मैल दाखवणारा आकडा बघितला, तो होता तिथेच होता. म्हणजे गाडी कुणी चालवली नव्हती. मग तिने घोंगडी पूर्ण ओढून काढली आणि आत डोकावली. स्टिअरिंगच्या वरच्या काळ्या फळीवर गोल गोल डाग होते, कपाच्या तळाचे. एकावर एक, एकात एक, पार फिकट झालेले आणि अगदी गडदही.

“इथे कुणीतरी बसायचं,” ती म्हणाली. आवाज बदलला होता. “एकदा-दोनदा नाही. वर्षानुवर्षं. आई?”

“तुझी आई जन्मभर चहा प्यायली,” रमोना म्हणाली. “कॉफीचा वाससुद्धा चालत नव्हता तिला.”

मी टेबलावर सुटा पडलेला. लेनोरने गाडीच्या दाराचा आधार घेतलेला मला दिसत होता. तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

तेवढ्यात दारावर ठोकळा आपटल्यासारखा आवाज झाला. चालायच्या आधाराची लोखंडी चौकट पुढे ढकलत ऑरिन दारात आला होता. एवढासा झाला होता तो.

“काय खुडखुड चाललीय?”

लेनोरने माझं एक पान उचललं आणि त्याच्यासमोर धरलं. “बाबा, या गाडीत कोण बसायचं?”

त्याने पानाकडे पाहिलं. अवजारं बनवणारा माणूस तो, त्याला एका नजरेत कळलं. “मांजर,” तो म्हणाला.

“आपल्याकडे मांजर कधी होतं?”

“शेजाऱ्यांचं.”

“कॉफी पिणारं?”

ऑरिनने इकडे तिकडे बघितलं. पळायला जागा नव्हती, पायही नव्हते. रमोनाने एक स्टूल पुढे सरकवलं. तो बसला.

“त्या दिवशी,” तो म्हणाला, आणि चौकट बाजूला सारली. “धुरळ्यात मला एकच निळी गाडी दिसली. शेतात उलटी. मी तुझीच धरली. पळालो. मग पट्टीवर दुसरी निळी गाडी उभी दिसली. म्हटलं, ही असेल. देवा, ही असू दे. दार उघडलं तर आत कोणी नाही. म्हटलं, मग ही डेलचीच.”

“मी डेलकडे धावले होते.”

“ते नंतर कळलं. मधला वेळ मी त्या सीटवर बसून काढला, लेनी. तेवढा वेळ तू माझ्यापुरती मेली होतीस.”

लेनोरच्या हातातलं पान खाली पडलं. काँक्रीटवर मी खणाणलो, पण कुणी दचकलं नाही.

“मग हे सांगायचं होतं!” ती ओरडली. “भीती वाटते म्हणायचं होतं! लोक हसतात काय, पोरीची जात काय... मी इतकी वर्षं समजत होते की तुम्हांला माझी लाज वाटते!”

“भीती वाटते असं म्हणता येत नव्हतं मला. कुणी शिकवलंच नाही. जे तोंडात आलं ते बोललो.”

“फोन करता आला असता.”

“फोन आईच्या हातात असायचा.”

“बाबा!”

“हो, ते खरं नाही,” तो म्हणाला. “मागायला पाहिजे होता. नाही मागितला.”

लेनोर जमिनीवर बसली, माझ्या पडलेल्या पानाशेजारी. ती रडत होती की रागाने थरथरत होती ते मला सांगता येणार नाही. पान उचलून मांडीवर घेत म्हणाली, “मी तुम्हांला माफ केलेलं नाही.”

“बरं.”

“गाडी विकत नाही.”

“बरं.”

“आणि हेच पाटे परत बसवणार आहे.”

ऑरिनने मान हलवली. “मधला बोल्ट नवा घाल,” तो म्हणाला. “तो दमलाय.”

मग माझी दुरुस्ती सुरू झाली. लेनोरने डेपोला कळवून रजा वाढवली. ऑरिन रोज सकाळी स्टुलावर येऊन बसायचा, मांडीवर फडकं आणि हातात तारेचा ब्रश. क्लिपा, मला गाडीला टांगणारे शॅकल, बोल्ट, जे जे मूळचं टिकवता येईल ते तो घासायचा. लेनोर ‘बाबा’ म्हणण्यापलीकडे फार बोलत नव्हती. पण एकदा त्याने वाकडी झालेली क्लिप हातोडीचा एक टोला देऊन सरळ केली, तेव्हा ती म्हणाली, “ही माझ्याकडून मोडली असती.” त्या दिवशी त्याने जेवण दोनदा घेतलं म्हणे.

पानं साफ करायची वेळ आली आणि ती अडून बसली. गंज काढायचा तर त्या चकचकीत चंद्रकोरीही जाणार. दोन दिवस ती मला हात लावेना.

“काय झालं?” ऑरिनने विचारलं.

“खुणा जातील.”

“घास,” तो म्हणाला. “खूण ठेवून काय करायचंय? मी बसलोय ना इथे.”

तिने घासलं.

माझं सगळ्यांत खालचं पान चिरलेलं निघालं. मला पत्ताच नव्हता. केसासारखी बारीक चीर, मधल्या भोकापासून निघालेली. माझ्या पोटात काय घेऊन मी इतकी वर्षं बसलो होतो, कळल्यावर मी हादरलो. त्याच साली जन्मलेल्या, चुरडून गेलेल्या एका गाडीतून त्याच मापाचं पान रमोनाने शोधून आणलं. नवं पान माझ्यात आलं तेव्हा परक्या माणसाशेजारी झोपल्यासारखं वाटलं. आता सवय झालीय. गावातल्या पाटेवाल्याने थंड लोखंडावरच ठोके मारमारून आम्हांला पहिला बाक दिला. पानांच्या मध्ये ग्रीस आलं, टोकांच्या गोल भोकांत नवी रबरी बुशं बसली. सगळं जुळल्यावर लेनोरने कुंचला वडिलांच्या हातात दिला. त्याने माझ्यावर पिवळा पट्टा ओढला. पट्टा वाकडा आला. ऑरिन पुसायला निघाला, तिने पुसू दिला नाही.

जूनमध्ये गाडी रस्त्यावर आली. गाडीचं वजन पुन्हा माझ्यावर आलं तेव्हा मी आनंदाने कुरकुरलो. लेनोर माझ्या बाजूला, ऑरिन भावाच्या बाजूला. गावाबाहेर शेतांतला मोकळा रस्ता लागला आणि तिने पाय दाबला. काय सांगू! इंजिन गरजलं, पीळ आला, भावाने तो पेलला, मी ताणलो.

“अरे,” भाऊ एकदम म्हणाला, “म्हातारा थरथरतोय. माझ्यापर्यंत येतंय.”

“थांब!” वरून ओरडणं ऐकू आलं. “लेनी, थांब!”

तिने गाडी कडेला घेतली. ऑरिन घामाने भिजला होता. दोन्ही हातांनी दार धरलं होतं, ते सुटत नव्हतं.

“छातीत दुखतंय का? बाबा! बोला!”

“नाही. हे असंच व्हायचं.” त्याला धाप लागली होती. “दर शनिवारी. तुझा दिवा हिरवा झाला की.”

“दर शनिवारी? अपघाताच्या आधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

“आणि तरी यायचात?”

“मग खाली कोण बघणार होतं?”

लेनोर त्याच्याकडे बघत राहिली. इंजिन चालू होतं, बाकी सगळं थांबलं होतं. तिला जे कळलं ते तिला पेललं नाही, एवढं मला तिच्या वजनावरून समजलं. ती त्याच्याकडे झुकली आणि माझ्यावरचा भार भावाकडे गेला. बराच वेळ तिकडेच राहिला.

मग तिने गाडी सुरू केली. इतकी सावकाश की मागून आलेल्या ट्रॅक्टरने हॉर्न वाजवला आणि आम्हांला मागे टाकून गेला.

“बाबा,” ती म्हणाली, “ट्रॅक्टर पुढे गेला.”

“जाऊ दे.”

ऑरिन पुढच्या हिवाळ्यात गेला, झोपेत. लेनोर तोवर पोर्टलंडची नोकरी सोडून सॅगिनॉलाच राहिली होती. अजूनही राहते. उन्हाळ्यात आम्हांला जुन्या गाड्यांच्या मेळ्यात नेते. लोक गाडीखाली वाकतात, माझ्या अंगावरचा वाकडा पट्टा बघून सांगतात की कारखान्यात तो सरळ असायचा, हा चुकलाय. ती ऐकून घेते आणि हसते.

मला आता फार वर्षं नाहीत असं वाटतं. बाक पुन्हा उतरायला लागलाय, गार हवेत बुशं करकरतात. माझी तक्रार नाही. जुनी वस्तू कधीतरी टाकावीच लागते, मलाही टाकाल. फक्त टाकण्याआधी एकदा पानं सोडवून आत बघा. आणि ज्या माणसाशी बोलणं राहिलं असेल, त्याला आज फोन करा. आम्ही लोखंडं ऐकून घेतो, पण पोहोचवायला आमच्याकडे काही नाही.

गॅरेजचं दार वर गेलं. थंडी आत आली. लेनोरच्या हातात किल्ली वाजतेय आणि बाहेरच्या रस्त्यावर खड्डे पुष्कळ आहेत. निघतो.